मन रमेल असं काय पाहावं, ऐकावं, वाचावं?

तुमचा प्रश्न असा आहे की रोज तास-दोन तास फोनवर जातात, पण नंतर काय पाहिलं ते आठवतही नाही, तेव्हा खरोखर आनंद देईल असं अ‍ॅप, चित्र, कार्यक्रम किंवा पुस्तक सुचवा. माझी कसोटी एकच आहे. दुसऱ्यांदा उघडल्यावर पहिल्यापेक्षा जास्त सापडलं पाहिजे. त्यामुळे माझी यादी लहान आहे, पण त्यातलं सगळं मी मनापासून सुचवतेय.

सुरुवात चित्रापासून करा. पीटर ब्रूगेलचं 'चिल्ड्रन्स गेम्स' हे १५६० सालचं चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. त्या संग्रहालयाने 'इनसाइड ब्रूगेल' नावाच्या साइटवर ब्रूगेलची चित्रं इतक्या बारकाईने टिपून ठेवली आहेत की लाकडी फळीवरच्या रंगाच्या भेगासुद्धा दिसतात, आणि ते बघायला पैसे लागत नाहीत. चित्रात दोनशेहून जास्त मुलं खेळताहेत. डाव्या कोपऱ्यात दोघीजणी हाडांचे तुकडे उडवून झेलताहेत, अगदी आपल्या सागरगोट्यांसारखं. थोडं पुढे डोक्यावरून निळं कापड ओढलेली मुलगी आंधळी कोशिंबीर खेळतेय. कोणी चाक पळवतंय, कोणी पिंपावर बसलंय, कोणी उंच काठ्यांवर तोल सांभाळत चालतंय. खाली उजवीकडे एक मुलगी वीट खरवडून लाल भुकटी करतेय, रंग विकायचं दुकान मांडून. चित्रकाराने सहीसुद्धा तिच्याजवळच केली आहे, हे लक्षात आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! आता या मुलांचे चेहरे मोठे करून बघा. हसणारं जवळपास कोणीच नाही, सगळे कामात गढल्यासारखे खेळताहेत. मूळ चित्र साधारण सव्वा मीटर उंच आणि दीड मीटरहून थोडं जास्त रुंद आहे, म्हणजे फोनवर एका वेळी त्याचा तुकडाच नीट दिसणार. तसंच बघा. एका बैठकीत एखादाच कोपरा पुरतो.

अ‍ॅपमध्ये माझी पसंती 'मर्लिन बर्ड आयडी'ला. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-अभ्यास केंद्राचं आहे, मोफत आहे, जाहिराती नाहीत. आपल्या भागाची माहिती एकदा उतरवून घेतली की नेटशिवायही चालतं. आवाज ओळखायची सोय सुरू करून फोन खिडकीत ठेवायचा. एकेक पक्षी ओरडला की यादीत त्याचं नाव येतं, आणि तोच पुन्हा बोलला की ते नाव उजळतं. या उजळण्यातच सगळी गंमत आहे, कारण हळूहळू नाव उजळायच्या आधी आपल्याच तोंडून ते निघायला लागतं. मात्र अ‍ॅप सांगेल ते लगेच खरं धरू नका, पक्षी नजरेला पडेपर्यंत थांबा. कधीकधी ते चुकतं.

कार्यक्रम म्हणाल तर अमेरिकी चित्रकार बॉब रॉसचा टीव्हीवरचा 'द जॉय ऑफ पेंटिंग'. १९८३ ते १९९४ या काळात त्याचे ४०३ भाग झाले आणि ते यूट्यूबवर आहेत. अर्ध्या तासाच्या आत कोऱ्या कॅनव्हासवर डोंगर, तळं, झाडं उभी राहतात. कॅनव्हासला बहुतेकदा आधीच पातळ पांढऱ्या रंगाचा हात दिलेला असतो, म्हणून पुढचे रंग ओल्यातच मिसळतात. चित्रीकरणाआधी तो तेच चित्र एकदा काढून ठेवायचा आणि समोर बघत रंगवायचा. हे कळल्यावर तर त्याच्या त्या निवांतपणाचा मला जास्तच आदर वाटला. चित्रं सगळीच थोर आहेत असं मी म्हणणार नाही, पण ब्रश चालताना बघणं फार सुखाचं आहे. झोपण्यापूर्वी एक भाग पुरे.

पुस्तक एकच सुचवते, कलेचे इतिहासकार ई. एच. गोम्ब्रिख यांचं 'द स्टोरी ऑफ आर्ट', १९५० सालचं. इंग्रजी सोपी आहे, कारण लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कलेच्या जगात नव्याने येणारी तरुण मुलं होती. ज्या कलाकृतीचं चित्र पुस्तकात छापता येणार नाही तिच्याबद्दल शक्यतो लिहायचंच नाही, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता. त्यामुळे वाचता वाचता नजर सारखी चित्राकडे जाते आणि परत मजकुराकडे येते. जाडी बघून दबकू नका, मधलं कुठलंही प्रकरण उघडून सुरुवात केली तरी चालते. शक्य असेल तर छापील प्रतच घ्या, छोट्या पडद्यावर चित्र आणि मजकूर शेजारी शेजारी राहत नाहीत.