कोरा सोडलेला रकाना

प्रश्न: मागच्या वर्षी ३५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात होतो. तेव्हापासून दारूला शिवलेलो नाही, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा चालू आहेत. त्या वेळच्या कंपनीत काविळीचं सर्टिफिकेट देऊन रजा काढली होती. आता चाकणला नव्या कंपनीत सुपरवायझर आहे, पुढच्या महिन्यात प्रोबेशन संपतं. साहेबांना सांगून टाकावं का? जॉइनिंगच्या फॉर्मची झेरॉक्स जोडली आहे. त्यात आजारांबद्दल विचारलं होतं, तिथे मी काही लिहिलं नाही, खाली घाईत सही केली.

उत्तर: या आशयाची पत्रं नेहमी येतात आणि कामाची गोष्ट हमखास शेवटच्या ओळीत असते. साहेबांचं जरा बाजूला ठेवा. साध्या खासगी नोकरीत कुणी विचारलं नसताना आपल्या आजारपणाचा पाढा वाचायला कायदा सांगत नाही. पण तुम्हाला विचारलं होतं, तेही लेखी.

रकाना १४: ‘गेल्या पाच वर्षांत मानसिक आजार वा व्यसनासाठी उपचार घेतले आहेत का?’ होय आणि नाही, दोन्ही चौकोन कोरे. खाली ‘माहिती दडवल्याचे आढळल्यास पूर्वसूचनेशिवाय सेवा समाप्त करण्यात येईल’ आणि त्याखाली तुमची झोकदार सही. घाईत केली म्हणता. मोबाईल घेताना माणूस चार दुकानं फिरतो आणि पोटापाण्याच्या कागदावर न वाचता सही करतो!

कोरा रकाना म्हणजे खोटं उत्तर नव्हे, असं मी कोर्टात ठासून मांडीन. समोरचा वकील ‘दडवल्याचे’ यावर बोट ठेवील. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटलं की फॉर्ममध्ये नेमकं विचारलेलंच सांगणं बंधनकारक. तो निकाल फौजदारी प्रकरणांच्या माहितीबद्दलचा, तुम्हाला कितपत लागू होईल हे वादाचं. शिवाय इथे प्रश्न नेमकाच आहे, म्हणजे तो निकाल तुमच्यावरच उलटू शकतो.

तेव्हा प्रोबेशन संपायच्या आत एचआरला लेखी कळवा. ‘कन्फर्म झालो की सांगतो’ हा विचार मनात येईल, पण मग कन्फर्मेशनही त्याच अर्धवट फॉर्मवर उभं राहील. आज कळवलंत तर ती दुरुस्ती. उद्या वार्षिक तपासणीत किंवा कुणाच्या तोंडून बाहेर आलं तर लपवाछपवी. धोका आहेच: प्रोबेशनवरच्या माणसाला ‘काम समाधानकारक नाही’ एवढ्या एका ओळीत घरी पाठवता येतं. भांडायला गेलात तर कामगार कायद्याखाली सुपरवायझर हा ‘कामगार’ ठरतो की नाही, यावरच तारखांमागून तारखा पडतील. त्या भरवशावर राहू नका.

पत्र चार ओळींचं. रकाना १४ कोरा होता. अमुक महिन्यात उपचार घेतले. आता कामाला तंदुरुस्त आहे. सोबत डॉक्टरांचा दाखला. ‘अनवधानाने राहिला’ असं लिहू नका, तसं झालेलं नाही. एएमधला मोकळेपणाही इथे नको, किती प्यायचो आणि घरी काय झालं हे फाईलला लागत नाही. पोच घ्या, शिक्क्यासकट.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत दारूच्या गैरसेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात आणि कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहते. एचआरने केंद्राकडे परस्पर केसपेपर मागितले तरी ते तुमच्या संमतीशिवाय देता येत नाहीत. म्हणून संमतीचा कागद पुढे आला तर आधी वाचा. दिव्यांग कायद्याची मदत होईल असं मला वाटत नाही, त्याचं नोकरीविषयीचं कलम २० सरकारी आस्थापनांपुरतं आहे.

राहिली कावीळ. खोटं सर्टिफिकेट हे वेगळं प्रकरण आहे आणि तुम्ही ते फारच सहज लिहून गेलात. या पत्रात त्याचा विषय काढू नका, पण उपचारांचा महिना खराच लिहा. जुन्या कंपनीच्या रजेशी ताळा घालून कुणी विचारलं, तर तिथल्या तिथे दुसरी थाप मारू नका. ‘लेखी उत्तर देतो’ म्हणा आणि ते लिहिण्याआधी कागद घेऊन वकिलाकडे जा.