अतिथी किती वर्षांचा?

प्रश्न : माझे गाव खानापूर तालुक्यात असून गेली सात वर्षे मी बेळगाव जिल्ह्यातील एका पदव्युत्तर विभागात अतिथी व्याख्याता आहे. सत्र संपले की नेमणूक संपते आणि सुट्टी पुढच्या आदेशाची वाट पाहण्यात जाते. अलीकडे एका बैठकीत ‘अतिथींमुळे विभागाचा दर्जा घसरतो’ असे ऐकावे लागले. दोष आमच्या कामाचा, की नेमणुकीच्या पद्धतीचा?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : दोष ठरवण्याआधी शिक्षकाचे काम म्हणजे काय, हे पाहावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाने आठवड्याला किमान ४० तास काम करावयाचे असते. त्यांपैकी सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तासांचे असते आणि उरलेला वेळ तयारी, संशोधन, परीक्षा व विद्यार्थ्यांच्या शंका यांसाठी असतो. ज्याला तासांच्या हिशेबाने मानधन मिळते, त्याचा केवळ वर्गातला वेळ संस्था मोजून घेते. तुलनेच्या वेळी मात्र त्याला पूर्ण पगारी सहकाऱ्याशेजारी उभे केले जाते. संशोधनाचेही तसेच आहे. २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार मार्गदर्शक व्हायला कायम प्राध्यापक असावे लागते, म्हणजे ज्या कामावर गुण द्यायचे त्याचे दार अतिथीला बंदच आहे.

कन्नडमध्ये आपल्याला ‘अतिथी उपन्यासक’ म्हणतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी जुनी व्युत्पत्ती आहे; इथे जाण्याची तिथी तेवढी आधी ठरलेली असते! कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे, असे २०१८ ची नियमावली सांगते. ‘अतिथी’ हे नाव दिले की या दोन्ही अटींना बगल देणे सोपे होते, असे माझे मत आहे. पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो नवा अभ्यासक्रम मनापासून रचील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

अर्थात कायम नोकरी मिळाली की काम सुधारतेच, असेही नाही. पिवळ्या पडलेल्या टिपणांवर वर्षे काढणारे कायम प्राध्यापक आपणही पाहिले असतील. शिवाय बढती शोधनिबंधांच्या संख्येवर अवलंबून राहिली, तेव्हा कितीतरी जणांनी वर्गापेक्षा कागदच जास्त सांभाळला.

आपण स्वतः एवढे करावे : प्रत्येक वर्षाचा नेमणूक आदेश, निवड समितीचा उल्लेख असलेले पत्र आणि मानधनाचा तपशील जपून ठेवावा. पुढे नियमित पद मिळाल्यास बढतीसाठी मागची सेवा धरताना पात्रता, रीतसर निवड आणि वेतन या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. वेतनाच्या अटीवर आपली सेवा बहुधा अडेल. तरीही कागद हाती असलेले बरे. विभागप्रमुखांकडे वार्षिक मूल्यमापन लेखी मागावे, म्हणजे पुढच्या बैठकीत ‘अतिथी’ असा सरसकट शब्द न वापरता आपल्या कामाविषयी बोलावे लागेल.