कंदीलमासे कमी का पडतात?

वाचकांचे प्रश्न : अरबी समुद्राच्या खोल पाण्यातलं अन्नजाळं

प्रश्न : अरबी समुद्राच्या मध्य भागाचं अन्नजाळं मी इकोपाथमध्ये (कोण कोणाला किती खातं याचा ताळेबंद मांडणारं सॉफ्टवेअर) मांडते आहे. पाणी दोन हजार मीटरहून खोल, जीवांचे गट १८. बाकीचे गट कसेबसे बसले, पण कंदीलमाशांचा (दिवसा खोल राहून रात्री वर येणारे, अंगावर प्रकाश असणारे छोटे मासे) ईई ३.१९ येतो. त्यांचा जैवभार (एकूण वजन) रात्रीच्या ट्रॉल जाळ्यावरून ०.९ टन प्रति चौरस किलोमीटर धरला आणि पी/बी (वर्षाचं उत्पादन भागिले जैवभार) ०.८ घेतला. पी/बी उत्तर अटलांटिकमधल्या बेन्थोसेमा ग्लेसियाले या कंदीलमाशावरून आणि क्यू/बी (वर्षाचं खाणं भागिले जैवभार) ४ तिथूनच. एक मित्र म्हणतो, कुपाच्या (टूनाच्या) आहारातला कंदीलमाशांचा वाटा कमी कर, बसेल. करू का? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : नको, आणि त्याने बसणारही नाही. ईई म्हणजे गटाच्या वर्षभराच्या उत्पादनापैकी किती भाग मॉडेलमध्ये खर्ची पडला: कुणी खाल्ला, कुणी पकडला, बाहेर गेला. एकाच्या वर गेला की मिळकतीपेक्षा खर्च जास्त. तुमच्या तक्त्यात मिळकत ०.९ गुणिले ०.८ म्हणजे ०.७२ टन. खर्चाच्या बाजूला माकूल (स्क्विड) १.५ टन, मधल्या खोलीतले शिकारी मासे ०.६६, कुपा ०.१३५. बेरीज २.२९५. आता कुपाला कंदीलमासे खाऊच दिले नाहीत, तरी ईई बरोबर ३ वर थांबतो. समतोल बिघडला की आधी सगळ्यात मोठा खर्च कोणाचा ते पाहायचं, सगळ्यात ओळखीचा शिकारी कोण ते नाही.

पण तुमच्या तक्त्यात खर्चापेक्षा मिळकतीचा आकडा जास्त संशयास्पद आहे. बेन्थोसेमा ग्लेसियाले थंड पाण्यात अनेक वर्षं जगतो. अरबी समुद्रातला बेन्थोसेमा टेरोटम वर्षभरही जगत नाही. साठा स्थिर असेल तर पी/बी हा एकूण मृत्युदराइतकाच असतो, त्यामुळे जो मासा वर्षाच्या आत संपतो त्याला ०.८ लावणं म्हणजे त्याचं आयुष्य फुकट वाढवणं. ३ धरला तर मिळकत २.७ टन आणि ईई ०.८५. सुटलं, असं वाटेल. तेवढ्यावर फाइल बंद करू नका.

क्यू/बी तसाच ४ राहिला तर पी भागिले क्यू ०.७५ होतो. खाल्लेल्या चार घासांतले तीन अंगाला लागणारा मासा समुद्रात नाही. बहुतेक गटांसाठी हे गुणोत्तर ०.१ ते ०.३ च्या आत असतं. म्हणजे क्यू/बी १२ च्या आसपास न्यावा लागेल. तसं केलंत की कंदीलमाशांचं वर्षाचं खाणं ३.६ वरून १०.८ टनांवर जातं आणि ओझं एक पायरी खाली, कोपेपॉडांवर (ते खातात त्या बारीक कवचधारी प्लवकांवर) येतं. पी/बी बदलून क्यू/बी विसरणं ही आमच्याकडे येणाऱ्या तक्त्यांत सर्रास दिसणारी चूक आहे. सॉफ्टवेअर मुकाट्याने ईई दाखवतं, आणि गुणोत्तर दुसऱ्या पानावर असतं.

आता ०.९ कडे. हा आकडा किमान समजा. कंदीलमाशाला जाळं येताना दिसतं, तो बाजूला होतो. लहान मासे ट्रॉलच्या पुढच्या मोठ्या आसातून निसटतात. शिवाय सगळे रात्री वर येतातच असं नाही. २०१० साली निघालेल्या स्पेनच्या मालास्पिना मोहिमेने ध्वनिमापनावरून (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी मोजण्यावरून), २०१४ मध्ये, मधल्या थरातल्या माशांचा जगभरचा जैवभार पूर्वीच्या १०० कोटी टनांच्या अंदाजाच्या निदान दसपट मांडला, तो याच कारणाने. ध्वनिमापनही धुतल्या तांदळासारखं नाही. ३८ किलोहर्ट्‌झवर सायफोनोफोरांच्या (जेलीफिशसारख्या प्राण्यांच्या) हवेच्या फुग्यांचा प्रतिध्वनी माशांसारखाच जोरात येतो, तर ज्या कंदीलमाशांच्या वाताशयात (तरंगायला मदत करणाऱ्या पिशवीत) हवेऐवजी चरबी असते ते जवळजवळ ऐकूच येत नाहीत. एक चूक आकडा फुगवते, दुसरी दाबते.

म्हणून एक आकडा शोधत बसण्यापेक्षा वरून आणि खालून कोंडी करा. वरून: जैवभाराची जागा रिकामी ठेवून ईई ०.९५ द्या, इकोपाथ जैवभार काढून देईल. तुमच्या शिकाऱ्यांची मागणी तीच ठेवली तर तो ०.८१ येतो. याहून फारसा कमी असूच शकत नाही. खालून: प्राथमिक उत्पादन रोज ८०० मिलिग्रॅम कार्बन प्रति चौरस मीटर धरलं, तर वर्षाचे २९२ ग्रॅम. कार्बनचं ओलं वजन करायला ९ ने गुणा: २,६२८. ग्रॅम प्रति चौरस मीटर आणि टन प्रति चौरस किलोमीटर हा एकच आकडा, तेवढी एक कटकट वाचते. दहा टक्के प्राणीप्लवकांपर्यंत पोचलं तर २६३ टन. कंदीलमासे जैवभाराच्या १२ पट खात असतील तर २२ टनांच्या वर ते जगूच शकत नाहीत, आणि प्राणीप्लवक खाणारे ते एकटे नाहीत. शिवाय उघड्या समुद्रात वनस्पतीप्लवक इतके बारीक असतात की मध्ये सिलिएटांची (एकपेशीय जीवांची) आणखी एक पायरी येते. त्यामुळे हे छत प्रत्यक्षात बरंच खाली. ९ ने गुणायचं राहिलं, तर मात्र प्लवकांपासून कुपापर्यंत सगळे उपाशी दिसतात. एकदम पाच-सहा गटांचा ईई एकाच्या वर गेला असेल तर आधी हेच तपासा.

एवढं झाल्यावर आहाराला हात लावा, आणि तोही माकुलाच्या. माकूल भक्ष्याचे लचके तोडून खातं, बऱ्याचदा डोकं टाकून देतं. डोक्याबरोबर कानातला खडा जातो, आणि जाती ओळखायच्या त्या खड्यावरूनच. उलट कुपाच्या पोटात माकुलाच्या चोची बराच काळ न पचता साठतात, त्यामुळे माकूल जास्त मोजलं जातं. कंदीलमाशाचं स्वतःचं पोटही फसवं: जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत कोंडल्यावर तो शेजारचे कोपेपॉड गिळतो. घशाशी असलेलं ताजं, अखंड भक्ष्य मोजायचं नाही. अर्धवट पचलेलं आणि आतड्यातलं तेवढंच धरायचं.

कुपाला एकच गोष्ट हवी. तो तुमच्या चौकटीत बारा महिने नसतो. तीन महिने असेल तर उरलेलं खाणं आहाराच्या तक्त्यात 'आयात' या रकान्यात टाका. नाहीतर वर्षभराचं जेवण तुमच्याच पाण्यातून वसूल होतं.

प्रश्न : ३,५०० मीटरवरच्या तळाचं जाळं कसं बांधायचं? तिथे प्रकाशसंश्लेषण नाही, मग पाया काय धरायचा? (पणजी)

उत्तर : पाया म्हणजे वरून पडणारा सेंद्रिय भुगा. तो किती पोचतो याचं नेहमीचं सूत्र १९८७ सालचं, मार्टिन यांचं: १०० मीटरवरचा प्रवाह गुणिले (खोली भागिले १००) चा उणे ०.८५८ वा घात. १०० मीटरवर वर्षाला ४० ग्रॅम कार्बन असेल तर ३,५०० मीटरवर १.९ ग्रॅम. पण मार्टिन यांची मापं ईशान्य पॅसिफिकमधली. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरांच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, भुगा खाणारे तिथे कमी, त्यामुळे घातांक लहान निघतो. ०.६ धरला तर तेच ४० ग्रॅम खाली ४.७ होऊन पोचतात. अडीचपट. तळावरच्या कुठल्याही प्राण्याच्या मापातली चूक एवढी मोठी नसेल, म्हणून गाळसापळ्याचं (पडणारा भुगा गोळा करणाऱ्या उपकरणाचं) माप मिळालं तर सूत्र बाजूला ठेवा.

तळासाठी इकोपाथपेक्षा रेषीय व्यस्त मॉडेल (मोजलेल्या गोष्टींवरून अज्ञात प्रवाह उलटे काढणारं) सोयीचं. अज्ञात प्रवाह साठ आणि समीकरणं पंधरा, अशी स्थिती असते. मर्यादा घालायच्या (श्वसन इतक्याच्या आत, आत्मसात होणारं अन्न इतके टक्के) आणि त्यांत बसणारी हजारो उत्तरं काढायची. आर या संगणकभाषेत 'लिम' आणि 'लिमसॉल्व्ह' ही पॅकेजं आहेत. त्यांतलं सगळ्यात कमी बेरजेचं एकच उत्तर उचलू नका: ते बरेच प्रवाह शून्यावर नाहीतर मर्यादेच्या कडेवर नेऊन ठेवतं. 'एक्ससँपल' (अशी हजारो उत्तरं काढणारं फंक्शन) चालवून सरासरी आणि पसारा दोन्ही द्या.

प्रश्न : नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचं जड समस्थानिक) वरून आमच्या कंदीलमाशांची पोषण पातळी (अन्नसाखळीतली पायरी) ४.२ आली. एवढी वर कशी? (कोची)

उत्तर : पायाचा आकडा दुसऱ्या समुद्राचा घेतला असणार. पातळी म्हणजे २ अधिक (माशाचा आकडा वजा प्राथमिक भक्षकाचा, म्हणजे पायाचा, आकडा) भागिले ३.४. मासा १२.५ प्रति हजार आणि पाया ५ धरला तर ४.२ येतात. पण अरबी समुद्रात प्राणवायू नसलेल्या थरात जीवाणू नायट्रेट फोडतात, हलका नायट्रोजन आधी उडून जातो, उरलेला जड होतो आणि तोच वर येऊन प्लवकांत शिरतो. त्याच फेरीतले, त्याच हंगामातले शाकाहारी कोपेपॉड मोजा. ते ८.५ निघाले तर मासा ३.२ वर येतो.

प्रश्न : कंदीलमासे मासळीच्या कुटासाठी पकडले तर कुपाचं काय होईल, हे इकोसिम (इकोपाथच्या तक्त्यावरून पुढच्या वर्षांतले बदल काढणारा भाग) सांगेल का? (मुंबई)

उत्तर : सांगेल, पण विचाराल तसं. इकोसिममध्ये प्रत्येक शिकारी-भक्ष्य जोडीला 'व्हल्नरेबिलिटी' मुळात २ असते, म्हणजे शिकारी कितीही वाढले तरी त्यांच्यामुळे होणारे मृत्यू जास्तीत जास्त दुप्पट. काही वर्षांच्या पकडीच्या आकड्यांशी जुळवून न घेता तेच २ ठेवलं तर निघालेला आलेख तुमच्या समुद्राचा नसून सॉफ्टवेअरचा असतो. आकडे नसतील तर १.५, २ आणि ५ वर चालवा. कुपाची दिशाच बदलत असेल तर तसं छापा.

त्याहून मोठा फरक जैवभाराचा. रत्नागिरीच्या प्रश्नातला दुरुस्त तक्ता घ्या आणि वर्षाला ०.३ टन प्रति चौरस किलोमीटर पकड घाला. जैवभार ०.९ असेल तर मिळकत २.७, खर्च २.५९५, ईई ०.९६: शिल्लक जवळजवळ नाही. जैवभार ४ धरला तर मिळकत १२ आणि ईई ०.२२. पकड तीच, शिकारी तेच. अर्थात ४ धरणाऱ्याने उरलेल्या नऊ-साडेनऊ टनांचं काय होतं हेही सांगायला हवं, कारण उघड्या समुद्रात एवढे मासे म्हातारे होऊन मरत नाहीत.