आधी ती घडी काढा : पाय गमावल्यानंतरचे पहिले आठवडे

प्रश्न : वडिलांचा पाय शुगरमुळे गुडघ्याखालून काढला. परवा घरी आणलं. दुखू नये म्हणून आई गुडघ्याखाली चादरीची घडी ठेवते, त्यांनाही बरं वाटतं. चालेल ना? (कुमठा नाका)

नाही चालणार. आईंची माया खरी, पण ती घडी आजच काढा. गुडघा वाकलेला असला की मांडीमागचे स्नायू सैल पडतात, म्हणून बरं वाटतं. तेच स्नायू काही आठवड्यांत आखडतात आणि मग गुडघा पुरता सरळ होत नाही. अशा गुडघ्यावर कृत्रिम पाय चढवून चालणं फार अवघड. जखम छान भरली, पण गुडघा वाकडाच राहिला, असे पेशंट पाहिले की हळहळ वाटते. कारण हे टाळता आलं असतं.

पलंगावर स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, सपाट ठेवा. खुर्चीत तो लोंबकळू देऊ नका. बुडाखालून एक फळी पुढे काढा आणि त्यावर पाय सरळ टेकवा. दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं पालथं झोपवा. दम लागत असेल तर उताणंच राहू द्या, पण सपाट. व्यायाम सोपा आहे : गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. श्वास रोखायचा नाही.

आणि रात्रीचं बघा. लघवीला उठताना झोपेत माणूस पाय नाही हे विसरतो, सवयीने उतरतो आणि पडतो. कधी कधी थेट टाक्यांवर. वॉकर पलंगाला चिकटून आणि दिव्याचं बटण हाताशी हवं.

प्रश्न : सासूबाई विड्या वळतात. त्यांचाही पाय गुडघ्याखालून गेला. जखम भरली, आता पुन्हा सूप घेऊन बसायचं म्हणतात. (विडी घरकुल)

बसू द्या. हातातलं काम सुटलं की माणूस जास्त खचतो. फक्त मांडी घालून तासन्‌तास नको. भिंतीला टेकून, स्टंप समोर सरळ, सूप पाटावर. अर्ध्या तासाने हात थांबवून जागा बदलायची, दुपारी थोडं पालथं पडायचं. स्वतः तंबाखू खात असतील, मिश्री लावत असतील तर ते मात्र बंद. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि उरलेला पायही धोक्यात येतो.

प्रश्न : जो अंगठा नाहीच तो रात्री पिळवटल्यासारखा दुखतो. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. नातेवाईक करणी म्हणतात. (बार्शी)

दोन्ही चूक. पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा शाबूत असतो आणि कापलेल्या नसाही संदेश पाठवत राहतात. वेदना खरीच असते. टाके निघाल्यावर आधी मऊ कापडाने, मग टॉवेलने स्टंप हलका चोळा, बोटांनी टिचक्या मारा. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरून चांगला पाय हलवायचा आणि प्रतिबिंब पाहायचं, हा उपाय डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणला. सगळ्यांना गुण येत नाही, पण खर्च एका आरशाचा. झोप उडत असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : क्रेप बँडेज घट्ट बांधलं तर ठणकतं, सैल बांधलं तर गळून पडतं. मी यंत्रमागावर होतो. (अक्कलकोट रोड)

मग ताण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गोल गोल वेढे देऊ नका, तिरके, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे द्या. टोकाला ताण जास्त, वर येताना कमी. उलटं झालं तर सूज टोकाला अडकते. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधा. ठणकलं किंवा कातडी निळी दिसली तर लगेच सोडा. धुतलेलं बँडेज दोरीवर टांगू नका, सपाट वाळत घाला. नाहीतर त्याचा ताण जातो.

प्रश्न : जयपूर फूट महिन्यात बसेल का? मला शुगर आहे. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, चालत जायचंय. (बाळे)

घाई नको. जखम पूर्ण भरून सूज स्थिरावायला सहा-आठ आठवडे सहज लागतात, शुगर असेल तर आणखी. पुढेही स्टंप बारीक होत जातो, तो ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा साचा सैल पडतो, बदलावा लागतो. रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा पाय आपल्याकडच्या अनवाणी, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठीच घडवला, म्हणून देवळात तो चालेल. अनवाणी जायचं नाही ते तुमच्या दुसऱ्या पायाने. शुगरमुळे तळव्याची जाणीव गेलेली असेल तर सोलापूरच्या उन्हात तापलेली फरशी भाजल्याचंही कळत नाही. मोजे घालून जा आणि घरी आल्यावर तळवा कुणाकडून तरी उजेडात तपासून घ्या.