जुन्या बाजारातला ऐवज : ठेवावा की विकावा?

प्रश्न : स. न. वि. वि. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला ग्रामोफोनच्या ४२ तबकड्यांचे खोके १,८०० रुपयांना मिळाले. त्यांत बहुतेक नाट्यसंगीत असून नऊ तबकड्या बालगंधर्वांच्या आहेत. तीन तबकड्या एकाच बाजूने मुद्रित केलेल्या असून त्यांच्या लेबलवर हॅनोव्हरचा उल्लेख आहे. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने त्या तीन तबकड्यांचे ९,००० आणि सगळ्या खोक्याचे १४,००० रुपये देऊ केले आहेत. माझ्याकडे ग्रामोफोन नाही, तरीही विकायला मन होत नाही. काही पाकिटांवर मूळ मालकाचे नाव व गाव पेन्सिलीने लिहिलेले आहे; तेव्हा हा नफा आपण घ्यावा का, अशीही शंका येते. – एक वाचक, पुणे

उत्तर : व्यापाऱ्याच्या दोन आकड्यांचा आधी हिशोब मांडा. तीन तबकड्यांचे तो प्रत्येकी ३,००० रुपये देतो आणि उरलेल्या ३९ तबकड्यांना मिळून ५,००० रुपये, म्हणजे नगाला जेमतेम १२८ रुपये मोजतो. आणि या ३९ मध्ये बालगंधर्वांच्या नऊही आल्या. हे वाचून अनेकांना वाईट वाटेल, पण त्याचा हिशोब चुकलेला नाही. ज्या गायकाच्या तबकड्या घरोघरी होत्या, त्या आजही अधिक संख्येने सापडतात. गायकाची थोरवी आणि तबकडीची दुर्मिळता या दोन गोष्टी बाजारात एकत्र नांदतातच असे नाही. ज्यांचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही, अशा गायिकेची एखादी तबकडी याच कारणाने कधी कधी मोठ्या नावापेक्षा महाग जाते.

हॅनोव्हरचा उल्लेख मात्र महत्त्वाचा आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान आदी कलावंतांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकड्या दाबण्याची सोय आपल्याकडे नव्हती. मेणावरचे मुद्रण बोटीने जर्मनीला जाई आणि हॅनोव्हरच्या कारखान्यात तयार झालेल्या तबकड्या परत येत. कलकत्त्यात सियालदहला कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये, आणि दोन्ही बाजूंनी मुद्रित तबकड्यांचा प्रघातही त्याच सुमारास पडला. तुमच्या तीन तबकड्या या सहा वर्षांतल्या असण्याची दाट शक्यता आहे. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलाच्या कडेला तबकडीवरच उमटवलेला क्रमांक, असे दोन्ही टिपून घ्या व छायाचित्रे काढा. गाणे संपल्यावर कलावंताने स्वतःचे नाव पुकारलेले ऐकू आले, तर तेही लिहून ठेवा. त्या काळी तशी पद्धत होती.

व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत शेवटची मानण्याआधी तबकड्यांची स्थिती पाहा. उजेडात तिरपी धरल्यावर खाचा काळ्याभोर व चकचकीत दिसल्या तर उत्तम. राखाडी पट्टे दिसले, तर पोलादी सुई न बदलता ती पुन्हा पुन्हा वाजवली गेली आहे असे समजावे. (दर बाजूला नवी सुई लावावी असा दंडक होता, पण सुया वाचवण्याची काटकसर बहुतेक घरांत चाले.) कडेचा टवका गाण्यापर्यंत पोचला नसेल तर फारसे बिघडत नाही, केसासारखा तडा मात्र किंमत पार उतरवतो.

आता ठेवायचे की विकायचे. ‘आज याच तबकड्या कोणी मला ९,००० रुपयांना देऊ केल्या असत्या, तर मी त्या घेतल्या असत्या का?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा, असे सुचवले जाते. प्रश्न चांगला आहे, पण तो सगळ्या मालाला सारखा लागू होतो असे मला वाटत नाही. पुन्हा सहज मिळणाऱ्या वस्तूबाबत तो निर्णायक मानावा. उद्या चुकल्यासारखे वाटले, तर तशीच तबकडी पुन्हा घेता येते. हॅनोव्हरच्या तीन तबकड्या विकल्यावर पुन्हा हाती लागतील याची काहीच शाश्वती नाही, म्हणून त्यांच्याबाबत निदान एक पावसाळा जाऊ द्यावा, असे मी सांगेन. मी स्वतः घाईने विकलेल्या वस्तूंपैकी ज्यांची आजही हळहळ वाटते, त्या एकूण एक अशा पुन्हा न मिळणाऱ्या होत्या.

पावसाळा मी मुद्दाम म्हणालो, कारण ठेवणे म्हणजे सांभाळणे. या तबकड्यांत लाख (शेलॅक) असते, त्यामुळे त्या पुसायला स्पिरिट कधीही वापरू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. थंड शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडके पुरेसे आहे, फक्त लेबल भिजता कामा नये. तबकड्या आडव्या थप्पीत न रचता पुस्तकांसारख्या उभ्या आणि सरळ ठेवाव्यात, कारण उष्णतेने त्यांना बाक येतो. ओलसर भिंतीला लागून ठेवल्यास बुरशी धरते. खोक्याचे वजन दहा किलोंच्या आसपास असेल, तेव्हा त्याला माळ्यावर न टाकता घरात मोक्याची जागा द्यावी लागेल. हे जमणार नसेल, तर जो सांभाळील त्याला विकणे हेच तबकड्यांच्या हिताचे.

ऐकण्यासाठी ग्रामोफोन घ्यायची गरज नाही, आणि बाजारात मिळणारे चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन तर बहुधा सुटे भाग जोडून नव्याने केलेले असतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांची सोय असलेला टर्नटेबल आणि या रुंद खाचांसाठीची जाड सुई मिळाली की झाले. लाँगप्लेची बारीक सुई यांवर चालवू नये. विकण्यापूर्वी सगळ्या ४२ तबकड्यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे १९०८ पूर्वीच्या मुद्रणाबाबत ती अडचण कधीच सरली आहे.

मूळ मालकाबद्दलची आपली शंका सद्भावनेची आहे. बाजारात दुकानदाराने सांगितलेले पैसे मोजून घेतलेला माल आपला असतो, आणि अनेक रविवार रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाने एका रविवारचा नफा घेण्यात गैर नाही. तरीही गावाचे नाव हाताशी आहे, तर एक पत्र टाकून पाहावे. त्या घरातल्या कोणाला आजोबांच्या दोन तबकड्या हव्या असतील, तर त्या १२८ रुपयांच्या ३९ मधूनच निघतील. त्यासाठी मोठा त्याग करावा लागणार नाही. विकायचेच ठरले, तर उरलेल्या मात्र त्या तिन्हींसह एकगठ्ठा द्या. निवडक तीन आधी विकल्या, तर बाकीचे खोके कोणी पाच हजारांनाही उचलणार नाही.

प्रश्न : मुंबईच्या चोर बाजारात ७०० रुपयांना घेतलेले एचएमटीचे चावीचे घड्याळ ऑनलाइन ६,००० रुपयांना दिसते. विकावे की भाव आणखी वाढू द्यावा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दिसते ती मागितलेली किंमत, प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचे भाव पाहिल्याशिवाय आकडे मांडू नका. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरात सुरू झालेला हा घड्याळांचा कारभार बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आज बाजारात डायल नव्याने रंगवलेली आणि तीन घड्याळांचे भाग एकत्र करून बसवलेली पुष्कळ घड्याळे फिरतात. भिंगातून पाहिल्यावर डायलवरची अक्षरे जाड किंवा फिसकटलेली दिसली, तर ते रंगवलेले आहे. मग तसे स्पष्ट सांगून लवकर विकून टाका. अस्सल निघाले तर तेलपाणी करून हातावर बांधा. भाववाढीच्या आशेने खणात पडून राहिलेल्या घड्याळाचे तेल सुकते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. सुटीत पुण्यातल्या एका रद्दीवाल्याकडून जुनी हस्तलिखित पोथी घेतली. सोबत न्यावी, की तिकडे नेऊन विकावी? – एक वाचक

उत्तर : दोन्ही करू नका. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याप्रमाणे ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेषांत मोडते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. (इतर बहुतेक वस्तूंना ही मर्यादा १०० वर्षांची आहे, म्हणून पहिल्या पत्रातल्या वाचकांनीही परदेशी गिऱ्हाइकाला तबकड्या धाडण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.) शेवटच्या पानावर लेखनिकाचे नाव आणि शक आहे का ते पाहा, पहिल्या व शेवटच्या पानांची छायाचित्रे काढा आणि ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या, आनंदाश्रम संस्थेतल्या किंवा भारत इतिहास संशोधक मंडळातल्या जाणकारांना दाखवा. पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. परतण्यापूर्वी निर्णय झाला नाही, तर पोथी कोऱ्या सुती बासनात बांधून पुण्यातल्या नातलगांकडे कोरड्या कपाटात ठेवा. छायाचित्रे सोबत नेण्यास काहीच हरकत नाही.