आमच्या वाड्यावरच्या आज्या मुलांच्या रक्षणासाठी गट करत आहेत. त्यांनी नेमकं काय करावं?

तुमचा वाडा गोव्यातल्या केपे तालुक्यातला, वस्ती कुणबी-वेळीप या आदिवासी समाजाची. पोरांवर लैंगिक अत्याचार होऊ नयेत म्हणून आज्या पुढे झाल्या आहेत आणि सुरुवात कशी करावी, असं तुम्ही विचारलंय.

आजीचं काम ऐकणं आणि पोचवणं. शहानिशा तिची नाही, न्याय तर नाहीच. पहिल्या बैठकीतच हे ठरवून टाका, कारण असे गट बिघडतात ते इथे. आजीच्या शब्दाला वजन असतं, म्हणूनच ‘घरातल्या घरात मिटवा’ म्हणणारेही तिच्याकडेच येतात. आणि खरं सांगायचं तर ‘अब्रू जाईल, गप्प बस’ हे पोरीला सगळ्यात आधी ऐकवणारीही पुष्कळदा आजीच असते. ती बदलली की घर बदलतं.

गट पाच ते सात जणींचा करा, पण सगळ्या एकाच वांगडातल्या, म्हणजे एकाच कुळातल्या, नकोत. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतला, नात्यातलाच निघतो. ज्या आजीच्या घरातल्या माणसावर बोट आलं, तिने त्या प्रकरणातून त्याच क्षणी बाजूला व्हायचं. हा नियम आधीच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. ऐन वेळी काढला तर भांडण होतं.

मग जमिनीवर खडूने वाड्याचा नकाशा काढा आणि मूल एकटं कुठे, किती वाजता असतं त्यावर खुणा करा: बंद घर, कुळागरातलं (सुपारीच्या बागेतलं) पंपघर, शाळेतून येणारी बस थांबते ती जागा, शिकवणीचं घर. मार्च ते मे या काजूच्या हंगामात आईबाप सकाळीच बोंडू (काजूची फळं) वेचायला डोंगरावर जातात. तेवढे महिने रोज दोन आज्यांची पाळी लावा, पोरं एकाच अंगणात जमू देत. पौषात धालोला, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्याच्या उत्सवाला, मांडावर (तो जिथे होतो त्या अंगणात) सगळ्या बायका एकत्र असतात. गट आहे, कोणाला गाठायचं, हे तिथे सांगता येईल. आधी मांड सांभाळणाऱ्या बाईला विचारा. एखाद्या पोराचं प्रकरण मात्र तिथे कधीही काढू नका.

मूल बोललं तर आजीने तीनच गोष्टी सांगायच्या: ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. हे मदत करणाऱ्यांना सांगावं लागेल.’ ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते मोडावंच लागतं. ‘तू तिथे गेलीसच का?’ हा प्रश्न तोंडातून निघाला की मूल मिटतं. तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका, मोबाईलवर चित्रण तर नाहीच. मुलाचे शब्द कोकणीत, जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहा. आजीला लिहिता येत नसेल तर विश्वासातल्या एकीलाच सांगून लिहून घ्या. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो. दुखापत असेल तर आधी इस्पितळ. तपासणी आणि उपचारांसाठी तक्रार नोंदलेली असण्याची गरज नसते.

कळवायचं १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर (चोवीस तास, मोफत) किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर, नाहीतर थेट पोलिसांना. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, अठरा वर्षांखालचे मुलगेही येतात, हे आज्यांना मुद्दाम सांगा. माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. गणवेशातला पोलीस अंगणात आला की वाडा घाबरतो. कायद्यानेच जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने. मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसू शकतं. ती जागा आजीची.

‘मूल सरकार उचलून नेईल’ ही भीती हसण्यावारी नेऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या गनेडा गावी आदिवासी आज्यांनी २०१४ मध्ये चळवळ उभारली ती मुलं अशी काढून नेण्याविरुद्धच. आपल्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आहे. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मूल कोणाकडे राहील, त्या घरात कोण कोण राहतं, हे लिहून बालकल्याण समितीपुढे (मुलाने कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे) द्या. पर्याय हातात असला की मूल नात्यात राहण्याची शक्यता वाढते.

तक्रारीनंतर दडपण येतंच: पैसे घ्या, लग्न लावून द्या, नाहीतर बोलणं बंद. मुलाचं नाव वॉट्सॲपवर फिरू देऊ नका, ओळख उघड करणं गुन्हा आहे. आणि वाड्यावर फुगडीत त्या पोरीला कोणी टाळत असेल तर एका आजीने स्वतः तिचा हात धरून उभं राहावं. हे काम कोणत्याही समितीला जमणारं नाही.

कोर्टाच्या तारखा घरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. आदल्या रात्री मुलाला पढवू मात्र नका. पढवलेलं उत्तर उलटतपासणीत लगेच उघडं पडतं.