बाईकला शटरचा रिमोट: पास स्विच विसरा, आणि ‘लर्न’ बटणाला हात लावू नका

बाईकवरून शटर उघडण्याबद्दल तुमचं वाचलं आणि मला माझाच २०१९चा जुलै आठवला. बेसमेंटचा उतार, खाली बंद शटर, वरून धो धो. उजवा हात ब्रेकवर, डावा क्लचवर, आणि रिमोट रेनकोटच्या आत, पँटच्या खिशात. मागे चारचाकीवाला हॉर्न देतोय ते वेगळंच.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रिमोट उघडून पास लाइटच्या, म्हणजे समोरच्याला हेडलाइटचा फ्लॅश मारायच्या, स्विचला जोडला तर चालेल का? आणि सोसायटीचं ऑफिस दाद देत नाही, तर शटरवरच्या रिसीव्हरचं ‘लर्न’ बटण दाबून बाजारातला रिमोट आपला आपणच शिकवावा, म्हणजे त्याची ओळख करून द्यावी का? मी हे दोन्ही उद्योग करून बसलोय. दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. पहिल्याचं ‘नाही’ थोडं सौम्य आहे, दुसऱ्याचं हात जोडून.

सोल्डरिंग कसं करायचं वगैरे सांगत बसत नाही. रिमोट उघडायचं धाडस करताय म्हणजे तेवढं येत असणार. आधी एक सांगून ठेवतो: मी इलेक्ट्रिशियन नाही, हौशी माणूस आहे. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू नका, नंतर सर्व्हिस सेंटरवाले प्रत्येक बिघाड त्या एका वायरीच्या माथी मारतात.

पास स्विचची कल्पना मलाही फार हुशारीची वाटली होती. डाव्या हाताच्या तर्जनीखाली स्विच आयता आहे, हात हलवायला नको, नवीन बटण बसवायला नको. पासच्या लाइनवर एक छोटा १२ व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच), आणि रिलेचे कॉन्टॅक्ट रिमोटच्या बटणाच्या दोन पायांवर. एका रविवारी दुपारी काम झालं. फ्लॅश मारला, शटर वर. सौ.ला खाली बोलावून दोनदा दाखवलं.

सोमवारपासून शटर लहरी झालं. सकाळी निघताना एका दाबात उघडायचं. संध्याकाळी परत आलो की पहिल्या दाबाला ढिम्म हलायचं नाही, दुसऱ्याला उघडायला लागायचं, आणि तोवर मी वैतागून तिसऱ्यांदा दाबलेलं असायचं. आमच्या शटरला सगळं एकाच बटणावर: एकदा दाबलं की वर, परत दाबलं की थांब, परत दाबलं की खाली. म्हणजे शटर गुडघ्याएवढं वर येऊन थांबायचं आणि पुढच्या दाबाला पुन्हा खाली जायचं. मी उतारावर एक पाय टेकून, चिंब.

कारण खूप उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगतो. रिमोट दोन जातीचे असतात. साध्या रिमोटचा कोड कायम एकच असतो. आत ईव्ही १५२७ किंवा जुनी पीटी २२६२ अशी चिप दिसते. दुसरा रोलिंग कोडचा, आत एचसीएस ३०१ किंवा तिची भावंडं. रोलिंग कोडवाल्यात प्रत्येक दाबाला एक आकडा पुढे सरकतो. रिसीव्हरने शेवटचा आकडा लक्षात ठेवलेला असतो, आणि तिथून पुढच्या १६ दाबांच्या आतला आकडा आला तरच तो पहिल्या झटक्यात मानतो. त्याच्यापुढे गेलात तर एका दाबावर विश्वास ठेवत नाही. लागोपाठ दोन आकडे ऐकले की मग पुन्हा ओळख पटते.

आता माझा रोजचा रस्ता मुलुंड ते सायन, पूर्व द्रुतगती मार्ग, सकाळ-संध्याकाळ. पास लाइट किती वेळा मारला जातो? ऐरोलीच्या फाट्यापर्यंतच १६ होत असतील. दर फ्लॅशला माझा रिमोट बिचारा घाटकोपरच्या हवेत शटर उघडायचा हुकूम सोडत होता. ऐकायला रिसीव्हर नाही, पण आकडा पुढे जातच होता. सकाळी ठीक आणि संध्याकाळी बिघाड, हे कोडं एवढंच होतं. लॅमिंग्टन रोडच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने एका वाक्यात सोडवलं: “दिवसभर कुठे कुठे दाबता हा?”

पण त्या दुकानदारापर्यंत मी पोचलो ते सगळं हातचं गेल्यावर. त्याआधी माझी ठाम समजूत, की रिसीव्हर दमट हवेने बिघडलाय.

म्हणून मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. कुठलं, ते विचारू नका. अशी ऑफिसं सगळ्या सोसायट्यांत सारखीच असतात. उघडण्याची वेळ अकरा ते एक, म्हणजे नोकरी करणाऱ्याने रजा टाकून जायचं. पहिल्यांदा सांगितलं, अर्ज द्या. दिला. दुसऱ्यांदा सांगितलं, कमिटीपुढे ठेवू. तिसऱ्यांदा, हा विषय कंत्राटदाराचा, त्याच्याशी बोला. कंत्राटदार म्हणाला, ऑफिसचं पत्र आणा, त्याशिवाय मी रिसीव्हरच्या बोर्डाला हात लावत नाही. पत्र मागायला गेलो तर तुमचा अर्जच सापडत नाही. पोच घेतली नव्हती, चूक माझी. पण सात आठवडे, ऐन पावसाळ्यात! त्या टेबलावर कुणी एकदा जरी विचारलं असतं की नेमकं काय होतंय, कधी होतंय, तर पुढचं काहीच घडलं नसतं. असो.

मग एका रात्री साडेदहाला मी स्टूल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेलो. वॉचमनला सांगितलं, जरा बघतो. रिसीव्हरचं झाकण चार स्क्रूंचं. आत एक छोटं बटण, शेजारी लाल दिवा. व्हिडिओत पाहिलं होतं की बटण दाबायचं, दिवा लागला की रिमोट दाबायचा, झालं. मी बटण दाबलं, दिवा लागला. वाटलं, नीट शिकावं म्हणून जरा जास्त वेळ धरून ठेवू. सात-आठ सेकंदांनी दिवा विझला. मला वाटलं, झालं काम. पुन्हा थोडं दाबलं, माझा रिमोट शिकवला, आणि काय आश्चर्य, एका दाबात शटर वर! स्टूल उचललं आणि शीळ घालत वर गेलो.

दिवा विझेपर्यंत बटण धरून ठेवणं म्हणजे त्या बोर्डाच्या भाषेत ‘सगळे रिमोट पुसून टाक’. बऱ्याच कंपन्यांच्या बोर्डांत हीच पद्धत आहे, फक्त सेकंद कमी-जास्त. आमच्या इमारतीचे ७२ रिमोट मी एका बोटाने पुसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी बाईकवर खाली आलो, तर शटरसमोर नऊ गाड्या. कुणी रिमोट काचेवर आपटतोय, कुणी सेल बदलतोय. आतल्या भिंतीवरचा स्विच चालू होता, पण तो दाबणारा वॉचमन नेमका टाकीवर पाणी सोडायला गेलेला. मी काय झालंय ते कळायच्या आत सवयीने फ्लॅश मारला. शटर उघडलं. नऊही गाड्यांतल्या माना माझ्याकडे वळल्या.

पुढचे अकरा दिवस वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत भिंतीच्या स्विचखाली बसून होता. प्रत्येक रिमोट प्रत्यक्ष आणून पुन्हा शिकवावा लागतो, दुसरा इलाज नाही. सहाव्या मजल्यावरच्या काकूंचा रिमोट मुलाबरोबर पुण्याला गेलेला. दोघे गणपतीला कोकणात. कंत्राटदाराने रिमोटमागे १५० रुपये लावले आणि येण्याचे १,५०० वेगळे. एकूण १२,३०० रुपये, माझ्या मेंटेनन्सच्या बिलात. ज्या ऑफिसला सात आठवड्यांत एक पत्र जमलं नाही, त्याने दंडाचं पत्र त्याच दिवशी दुपारी दिलं, जावक क्रमांक घालून, दोन प्रतींत. सेक्रेटरी काका अजून लिफ्टमध्ये भेटले की “काय, बटण-बिटण काही?” असं विचारतात.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: रिसीव्हर सोसायटीच्या मालकीचा आहे, झाकणसुद्धा उघडू नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच ठेवा, आणि अर्जात ‘तंत्रज्ञाने माझ्या समक्ष रिमोट जोडून द्यावा’ असं स्पष्ट लिहा. चावीवाला ‘डुप्लिकेट काढून देतो’ म्हणाला तर आधी आतली चिप बघा. कायम कोडवाल्याची नक्कल निघते, रोलिंगवाल्याची त्याच्या यंत्रावर सहसा निघत नाही. निघाली असं तो म्हणाला तरी अस्सल आणि नक्कल एकमेकांच्या आकड्यात पाय घालतात.

आता सध्या माझ्या पल्सरवर काय आहे ते सांगतो. चार पावसाळे काढलेत त्याने.

पास स्विच सोडला. डाव्या ग्रिपशेजारी वेगळं वॉटरप्रूफ पुश बटण, थोडं आत, जेणेकरून चुकून दाबलं जाणार नाही. रिले इग्निशन चालू असतानाच जागा होणाऱ्या लाइनवर, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज, रिलेच्या कॉइलवर तिचा झटका जिरवायला उलटा १एन४००७ डायोड. किल्ली काढली की बटण मुकं. बाईक तुम्ही गेटबाहेर लावत असाल तर हे हवंच, नाहीतर येणारं-जाणारं पोर शटर उघडेल. जुन्या गाड्यांवर एक पाहा: बऱ्याच जुन्या भारतीय बाईकांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राच्या, एसीवर चालतो. त्या लाइनवर साधा डीसी रिले फडफडतो. मल्टिमीटर लावल्याशिवाय कुठलीही वायर आपली मानू नका.

रिमोटला त्याचा स्वतःचा सेल राहू द्या. हा मुद्दा बरेच जण मानत नाहीत, मी मात्र हट्टी आहे. लोक म्हणतात, रिमोटचा सेल १२ व्होल्टचा, बाईकची बॅटरी १२ व्होल्टची, जोडून टाका. गाडी चालू असताना तिथे १४च्या वर व्होल्ट असतात, शिवाय झटके. एचसीएस ३०१ ची मर्यादा १३ व्होल्ट आहे. रेग्युलेटर घालून करता येतं, पण साधा ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) कायम जोडलेला राहिला तर तो नुसता बसून पाचेक मिलिअँपिअर खातो. ५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी सव्वा-दीड महिना उभ्या गाडीत तेवढ्यानेच बसेल. वर्षाला एक सेल बदलणं मला स्वस्त वाटतं. सेलच्या पत्र्याखाली फोमचा तुकडा मात्र दाबून घाला, सिंगल सिलिंडर इंजिनाच्या थरथरीने सेल क्षणभर सुटतो आणि माणूस वायरी शोधत बसतो.

रिमोट कुठे ठेवायचा? टाकीखाली किंवा लोखंडी टूलबॉक्समध्ये नको. मी आधी तिथेच ठेवला होता, शटरला नाक लावल्याशिवाय उघडेना. आता हेडलाइटच्या प्लास्टिक कवरमागे आहे, शटर समोरच दिसतं. ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटला पाव तरंगलांबीची, म्हणजे साधारण १७ सेंटिमीटरची वायर अँटेना म्हणून पुरते. ती गुंडाळून ठेवू नका, धातूपासून लांब मोकळी सोडा. वायरी हँडलच्या मानेतून नेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, तिथेच त्या चिरडतात.

पावसासाठी सगळे सिलिकॉन फासतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन बोर्डावर लावू नका, त्यातल्या आम्लाने तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. आणि डबी पूर्ण बंद करण्यापेक्षा खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवा. मुंबईत पाणी बाहेरून कमी येतं, आतल्या वाफेचंच जास्त होतं.

बटण इतकं हाताशी आलं की एक वाईट सवय लागते, तेही सांगून ठेवतो. पुढच्या गाडीमागून, शटर खाली यायला लागलेलं असताना आपण घुसतो. बाईक अरुंद असते, शटरच्या सेन्सरने आपल्याला पाहिलंच असेल असं धरून चालू नका. शटर पूर्ण वर जाऊन थांबेपर्यंत उताराच्या वरच, सपाटीवर थांबा. म्हणून रेंज चांगली हवी, नुसती हौस म्हणून नाही.

तुमचा रिमोट उघडलात की दोन गोष्टी कळवा: चिपवर काय लिहिलंय, आणि सेल नाण्यासारखा ३ व्होल्टचा आहे की बारीक नळीसारखा १२चा. बटणाला चार पाय असतील, त्यातले आडवे-उभे कुठले एकमेकांना जोडलेले आहेत ते मल्टिमीटरने आधी पाहा. मी पहिल्याच दिवशी चुकीची जोडी धरली होती आणि रिमोट दोन तास अखंड दाबलेला राहून सेल संपला होता.